सदचें

वास्को बंदरासमोर दुसऱ्या मजल्यावर
मी बार्जींचं वजन मोजणारा प्रोग्रॅम सांभाळते.
खनिजाची लाल धूळ की-बोर्डात बसते,
बॅकस्पेस दाबला की दातांखाली वाळू आल्यासारखं होतं.

मूळ लायब्ररी वेन्सेश्लाव कुलासोंची.
सी भाषेत, शहाण्णव साली,
धक्क्याला एका वेळी एकच बार्ज लागायची तेव्हा.
म्हणून सगळ्यांसाठी एकच खण: चालू_बार्ज.
ज्याला हवं त्याने उघडावा, वाचावा,
वर त्यांची टीप: हात लावल्यास मला विचारा.
ते आता सां आंद्रे चर्चमागे आहेत.
विचारणार कुठे.

आता चार बार्जी एकदम लागतात, चार थ्रेड एकदम धावतात.
मंगळवारी श्री दामोदरच्या पावतीवर
जुझे मारियाचे अठराशे टन उतरले.
तांडेल पावती घेऊन जिना चढून आला,
एक शब्द बोलला नाही,
माझ्या टेबलावर ती उताणी ठेवून
खिडकीतून पाण्याकडे बघत उभा राहिला.

आधी मी कुलूप लावून पाहिलं.
खण एकच, आत एकच जण, बाकीचे दाराशी.
बरोबर चाललं. इतकं हळू
की ओहोटी लागली आणि दोन बार्जी गाळात बसल्या.

मग शाणू बाबांच्या हॉटेलात गेले.
दोन वाजले होते, पातळ भाजी संपत आलेली.
आबलो फडकं खांद्यावर टाकून टेबलांमधून फिरत होता
आणि प्रत्येकाला एकच विचारत होता:
सदचें?
कस्टमवाल्याने मान हलवली, त्याला मिरचीभजी आणि बन.
लॉटरीवाल्या बाईने मान हलवली, तिला नुसता चहा, बशीत ओतून.
मी मान हलवली,
मला उंडो, सुकी भाजी, बिनसाखरेची कॉफी.

एक शब्द. अख्ख्या हॉटेलात तोच.
कोण मागतंय हे कुणी सांगितलं नाही,
मागणाराच अर्धं उत्तर घेऊन बसलेला.

कॉफी तशीच टाकून वर आले.
चावी एकच बनवली, सगळ्यांना दिसेल अशी.
प्रत्येक थ्रेडने सुरुवातीलाच आपली बार्ज तिच्याखाली ठेवायची
आणि पुढे कधीही, कितीही खोल फंक्शनात,
फक्त चावी दाखवायची:
दे.
दामोदरला दामोदरचं, जुझे मारियाला जुझे मारियाचं.
ज्याने काहीच ठेवलं नाही त्याला शून्य,
पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाकडे आबलो बघतो तसं.
चावीबरोबर एक आवरणारं फंक्शनही दिलं,
थ्रेड उठून गेला की त्याचा पेला विसळून ठेवणारं.

रात्री साडेनऊला चार पावत्या निघाल्या.
चारी आपापल्या.
कुलासोंच्या टिपेखाली मी लिहिलं: हात लावला आहे.
मग माझं नाव.

मॅन्युअलच्या त्या पानावर तळाशी एक ओळ होती,
मी ती घाईत वाचली होती:
चावीच नष्ट केलीत
तर आवरणारं फंक्शन बोलावलं जाणार नाही.
ज्याचं त्याने आधीच आवरावं.

नोव्हेंबरात आबलो कतारला गेला.
कुणाला सांगून नाही, निदान मला नाही.
त्याच्या जागी कारवारचा एक पोरगा, नवं फडकं,
हातात वही आणि पेन.
कितें जाय? म्हणाला.
कस्टमवाला गप्प. लॉटरीवाली बाई गप्प.
आम्ही सगळे आपापलं सदचें घेऊन बसलेलो,
आणि ते आता कुठल्याच शब्दाने उघडेना.

मी सांगितलं. उंडो, सुकी भाजी, कॉफी.
त्याने लिहून घेतलं.
साखर घालून आणली.
मी प्याले.